दुसऱ्या आणि तिसऱ्या शरणाच्या मधे

धम्म माणसाच्या आत असतो. त्याला दार नसतं, म्हणून त्याला कुलूपही लावता येत नाही. हे वाक्य दौलतरावांचं. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या विहाराच्या बंद दारासमोर उभं राहून त्यांनी ते मला फोनवर ऐकवलं, आणि त्याला जोडूनच पुढचं : "तर धर्मराज, चावी तुमच्याकडेच असणार." मी तेव्हा खिडकीत उभा राहून चहा पीत होतो. चहाला वास नव्हता, पण तो ऑगस्टपासून कशालाच नव्हता, त्यामुळे त्यात नवीन काही नव्हतं. नवीन एवढंच, की चावी हा शब्द कानात शिरला आणि माझी मान आपोआप कपाटाकडे वळली. कपाटावर एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी होती, हॉस्पिटलने तोंडाशी गाठ मारून दिलेली. आत संध्याची, माझ्या बायकोची, पर्स, चष्मा, दातांचा ब्रश आणि तिचा मोबाइल. पर्सच्या बाजूच्या कप्प्यातून चावीला बांधलेली निळी फीत बाहेर आलेली खालूनसुद्धा दिसत होती. दर रविवारी विहार उघडायचं, झाडायचं, फुलं ठेवायची आणि माइक लावून वंदना सांगायची हे काम तिचं होतं. कुणी दिलेलं नव्हतं, बाकीचे उशिरा उठायचे म्हणून तिच्याकडे आलेलं होतं. चावी घ्यायची तर गाठ सोडावी लागणार. मी म्हटलं, "दौलतराव, सापडत नाहीये." ते म्हणाले, "असू दे. वस्तू आहे. अनित्य आहे." दुपारी अभिजीतने उल्हासनगरहून कटर आणला आणि ज्याला कुलूप लावता येत नाही त्याचं कुलूप कापलं. कटरचा आवाज माझ्या घरापर्यंत येत होता.

सरकारने मंदिरं-मशिदी-विहारं सगळं एकदम उघडायला दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त धरला होता. आमचा मुहूर्ताशी संबंध नाही, म्हणून कमिटीने त्याच्या पुढचा रविवार धरला, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते. रविवारच्या आधी विहाराच्या ओट्यावर बैठक झाली. दौलतराव अध्यक्ष; अंबरनाथच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण भाषण अजून पाळीवर आल्यासारखं वेळेवर सुरू करतात. अभिजीत सेक्रेटरी, उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट दुरुस्त होते अशी त्याची श्रद्धा आहे. मी जांभूळला पाण्याच्या केंद्रावर केमिस्ट, म्हणजे लोकांच्या नळाला जे पाणी येतं त्यात औषध किती पडलं ते बघणारा. त्यामुळे फवारणीचं खातं माझ्याकडे आलं. अभिजीतने मोबाइलवरून नियम वाचले. चपला आपापल्या गाडीत ठेवाव्यात. आमच्यातल्या बहुतेकांची गाडी म्हणजे चपलाच, त्यामुळे यावर चर्चा झाली नाही. मूर्तीला हात लावू नये. प्रसाद वाटू नये. आम्ही खीर वाटतो, ती प्रसादात धरायची का यावर मात्र बरीच झाली. पासष्ट वर्षांवरच्यांनी घरी थांबावं हे वाचताना अभिजीतचा आवाज आपोआप खाली गेला, कारण हा नियम पाळला असता तर विहारात भगवान बुद्ध, अभिजीत आणि मी एवढेच उरलो असतो. दौलतराव म्हणाले, "हा नियम आपण मनाने पाळू." मग पुढचा नियम आला. एकत्र आवाजात म्हणू नये. शक्यतो रेकॉर्ड लावावी. अभिजीत थांबला. ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एकदमच पाहणं सोडूनही दिलं. कुणीतरी पिंपळाच्या झाडाकडे बघायला लागलं, जसं काही ते आजच उगवलं होतं.

रेकॉर्ड एकच होती. लॉकडाऊन लागला त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी संध्याने ती घरी केली. विहार बंद, म्हणून वंदना चुकायला नको. ग्रुपवर टाकते, आपापल्या घरी लावून म्हणतील. फक्त आवाजच जाणार होता, तरी तिने अंघोळ करून पांढरी साडी नेसली आणि पलंगावर ताठ बसली. मी म्हटलं, "अगं, फोटो नाही जाणार." ती म्हणाली, "मला माहितीये. आवाजाला कळतं." तिचं हे असं असे. मी बी.एस्सी. झालेला माणूस, आवाजाला साडी कळते का यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मोबाइल सुरू झाला होता. ती एकेक ओळ म्हणायची आणि मधे थांबायची, समोरच्यांना मागून म्हणायला जागा ठेवून. विहारात त्या जागेत चाळीसएक गळे असायचे. घरात त्या जागेत पंखा होता. बुद्ध, धम्म, संघ अशा तीन ओळींचं पहिलं शरण झालं, दुसरं झालं. मग स्वयंपाकघरात शिट्टी झाली, आणि संध्याने सूर न बदलता, त्याच लयीत, म्हटलं : "अहो, कुकर झाला. गॅस बंद करा तेवढा." आणि लांबून, बाल्कनीतून, माझा आवाज : "हो." मग तिसरं शरण. नंतर मी म्हटलं होतं, परत कर, मधे कुकर आलाय. ती म्हणाली, "राहू दे. कुकर काय फक्त आपल्याकडेच होतो?" आणि पाठवून दिली. सत्तावीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकत्र रेकॉर्ड झालो ते तेवढंच. लग्नाची कॅसेट केली होती, पण तिच्यावर पुढे कुणीतरी गाणी भरली.

ऑगस्टनंतर मी ती ऐकलेली नाही. म्हणजे मी लावलेली नाही. गल्लीत रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ती लागायचीच. लोकांना सवय झाली होती, आणि माणूस गेलं म्हणून सवय थांबवायची असते हे कुणाला सुचत नाही. एखाद्याने नंतर आवाज हळू केला, एवढंच. पहिली ओळ ऐकू आली की मी मोरीतला नळ सोडायचो. जांभूळहून आलेलं, मीच तपासलेलं पाणी बादलीत जोरात पडायचं आणि दुसऱ्या शरणापर्यंत बादली भरायची. मग मी ती दुसऱ्या बादलीत ओतायचो.

"आवाज ताईंचाच पाहिजे," अभिजीत ओट्यावर म्हणाला. "बाकी यूट्यूबला बरेच आहेत, पण त्यात मागे तबला आहे. आपल्याकडे जमणार नाही. फक्त काका, तो मधला पीस... तो एडिट मारतो. एक नंबर साफ होईल. कळणारपण नाही."

"कुठला पीस?" दौलतरावांनी विचारलं. त्यांना माहीत होता. सगळ्यांना माहीत होता.

"कुकरचा."

"हां, हां. तो काढायलाच पाहिजे. विहाराचं पावित्र्य आहे शेवटी. घरात ठीक होतं. पण इथे भगवंतांसमोर... गॅस म्हणजे... काय म्हणता, धर्मराज?"

धर्मराज काय म्हणणार होता? मला म्हणायचं होतं, की तिचं जलदान, म्हणजे गेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी जमून करायचा विधी, झालं नाही. तेव्हा माणसं जमवायची परवानगी नव्हती, विहार बंद होतं. भंतेजींनी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, मी आणि मनाली, आमची मुलगी, नाशिकहून दुसऱ्या खिडकीत, आणि मधेच नेट गेलं. पालिकेच्या माणसांनी तिला नेलं, आम्हाला लांबून दाखवलं, आणि लांबून ती कुणीही असू शकली असती. ज्या माणसांना तिने इतकी वर्षं ओळीमागून ओळ म्हणायला लावली, त्यांच्यासमोर ती या रविवारी, गेल्यानंतर पहिल्यांदा आणि शेवटची, येणार. तर ती अख्खी येऊ दे. मला असं म्हणायचं होतं. पण हे वाक्य बोलायचं तर त्याचा अर्थ असा व्हायचा, की गॅस बंद करा हेही वंदनेत धरा. आणि एवढी गोष्ट गंभीर चेहऱ्याने बोलता येईल असा चेहरा माझ्याकडे कधीच नव्हता. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर काहीतरी टोमणा मारत आलेला माणूस. लोक माझ्याकडून तेच धरून चालतात. मी म्हटलं, "काढा की. उगाच कुणीतरी उठून घरी जाईल गॅस बघायला." सगळे हसले. दौलतरावांनी माझ्या खांद्याच्या दिशेने, अंतर ठेवून, हात उचलला.

शनिवारी अभिजीत आणि मी फरशीवर पांढऱ्या ऑइल पेंटने वर्तुळं मारली. खीर वाटायचं ॲल्युमिनियमचं ताट उपडं ठेवायचं आणि कडेने ब्रश फिरवायचा. दोन ताटांमध्ये सहा फूट. अभिजीत टेप धरून गुडघ्यावर सरकत होता आणि काही ना काही बोलत होता, कारण तो गप्प बसला की मी काय विचार करीन याची त्याला भीती वाटत असावी. खांबाशी आल्यावर तो थांबला. खांबाच्या डाव्या अंगाला संध्या बसायची. तिथली फरशी इतर फरशीपेक्षा गुळगुळीत झालीय असं मला वाटलं; मी हात फिरवून पाहिला, तशी काही झालेली नव्हती. "काका, इथे मारू?" "मार. माप तिथेच येतंय." त्याने मारलं. मग इकडेतिकडे पाहून, जरा अपराध्यासारखं, म्हणाला, "स्पीकर पण इथेच ठेवावा लागेल. प्लग इथेच आहे." मला एकदम कळलं, की ती इतकी वर्षं तिथे का बसायची. मला वाटायचं, खांबाला टेकायला म्हणून. किंवा तिथून मूर्तीचा चेहरा बरोबर दिसतो म्हणून. माइकची वायर तिथपर्यंतच पोचत होती. अभिजीतने काळा स्पीकर ओल्या वर्तुळात मधोमध ठेवला, जरा तिरका झाला तो सरळ केला, आणि उगाचच वरची धूळ रुमालाने पुसली.

तो गेल्यावर मी फवारणी केली. हायपोक्लोराइट किती घालायचं हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण माप हा अर्धा भाग. उरलेलं अर्धं नाक सांगतं. आमच्या केंद्रावर नवीन पोरं मीटर बघतात, मी इतकी वर्षं दारातूनच वास घेऊन सांगायचो. ऑगस्टमधल्या एका सकाळी मी क्लोरीनच्या खोलीत उभा होतो आणि खोली नुसती स्वच्छ होती. कसलाच वास नाही. मला आठवतं, मला आधी बरं वाटलं होतं. वाटलं, आज गळती नाही. त्या आठवड्याच्या शेवटी संध्याला ताप आला. कुणाचं कुणाला लागलं हे पाण्यात सापडतं तसं माणसात सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांकडे वेळ असता तर त्यांनी दुसरं काही म्हटलं असतं. मी फवारत राहिलो. भिंती, खिडकीचे गज, दाराची कडी, वर्तुळं. वास येत नव्हता म्हणून वाटलं, पातळ झालंय. आणखी घातलं. तरीही आला नाही, म्हणून आणखी. मूर्तीसमोर आलो तेव्हा हात आपोआप थांबला. मूर्तीवर फवारायचं नाही हा नियम होता की माझा संकोच, आठवत नाही. खाली मान घालून उभा राहिलो. बाहेरून एक ॲम्ब्युलन्स गेली, सायरन न लावता, म्हणजे रिकामी, म्हणजे घाई नसलेली. आमच्याकडे आली होती ती सायरन लावून आली होती. संध्या स्वतःच्या पायांनी चढली. आत ते पांढऱ्या पोशाखातले दोघं, ती मधे. दार लावायच्या आधी ती वळली आणि काहीतरी म्हणाली. तोंडावर मास्क, वर सायरन, मी गेटच्या अलीकडे, कारण गेटच्या पलीकडे यायचं नाही असं सांगितलेलं. ओठ दिसत नव्हते. डोळ्यांवरून काही सांगत होती एवढंच कळलं. गॅस, गोळी, मनाली, किंवा यातलं काहीच नाही. मी म्हटलं, "हो." नेहमी म्हणायचो तसं, न ऐकता. दार लागलं. मी काय कबूल केलंय ते मला अजून माहीत नाही.

रविवारी दारात गोजरबाई अडली. ती आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी. विहारात संध्याच्या शेजारी बसायची, आणि संध्या उठली की तिचा पदर धरून उठायची. अभिजीत दारात ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभा होता. "आज्जी, पासष्टच्या वरचे अलाउड नाहीत."

"मंग म्या कुटं वर हाय?"

"आधार कार्डावर काय आहे?"

"त्या कार्डाला काय ठावं. म्या जल्मले तवा त्ये व्हतं का बगायला?" तिने पांढऱ्या साडीचा पदर नाकावर ओढला. "आन् दौलत? त्यो काय तान्हा हाय?"

दौलतराव आतून म्हणाले, "येऊ द्या." अभिजीतने तिच्या कपाळावर पिस्तूल धरलं. तिने डोळे मिटून घेतले, जणू काही लागणार होतं.

गोजरबाईला वाचता येत नाही. संध्या असेपर्यंत तिला वंदना पाठही नव्हती. ती संध्याच्या मागून म्हणायची, आणि मागून म्हणायला पाठ लागत नाही. लॉकडाऊनमध्ये नातवाच्या मोबाइलवर रोज सकाळी लावून लावून तिने ती पहिल्यांदा आयुष्यात पाठ केली, पूर्ण, अभिमानाने. हे मला नंतर कळलं. आत्ता एवढंच दिसत होतं, की ती खांबाजवळच्या वर्तुळाशी गेली, तिथे स्पीकर बघून थांबली, आणि त्याच्या शेजारच्या वर्तुळात, नेहमीच्या जागेपासून सहा फूट लांब, बसली.

सगळ्यांचे डोळे आधीच लाल झाले होते. आत येणारा प्रत्येक जण दारात ठेचकाळल्यासारखा थांबत होता आणि मास्कवर हात धरत होता. "औषध जरा जास्त झालं का, धर्मराज?" दौलतरावांनी विचारलं. गालावरून पाणी खाली मास्कमध्ये उतरत होतं. "प्रमाणात आहे," मी म्हटलं. एकेक जण आपापल्या वर्तुळात बसला, ताठ, पांढरा, डोळे पुसत. लांबून एखाद्याला वाटलं असतं, केवढा शोक. अभिजीतने खिडक्या उघडल्या, मोबाइल स्पीकरला जोडला, आणि सगळ्यांना बोटाने ओठ दाखवले. म्हणायचं नाही. ऐकायचं. मला तिथे नळ नव्हता.

स्पीकरमधून आधी पंखा आला. आमचा पंखा, ज्याची एक पाती घासते. मग ती. विहारात मी तिचा आवाज नेहमी मागच्या रांगेतून, गर्दीतून ऐकलेला. आज मधे काही नव्हतं. ती पहिली ओळ म्हणाली आणि थांबली, जागा ठेवून. त्या जागेत कुणी काही म्हटलं नाही. मास्कच्या खाली गळे हलताना दिसत होते, गिळल्यासारखे. पुढची ओळ. जागा. पहिलं शरण असं गेलं. दुसऱ्याला मास्कांमधून काहीतरी गुणगुणल्यासारखं यायला लागलं. नियम मोडायचा कुणाचा बेत नव्हता, पण तिने जागा ठेवली की ती भरायची हे शरीराला माहीत होतं. अभिजीतने हात वर केला, मग खाली घेतला. दुसरं शरण संपलं. मला शिट्टीची जागा माहीत होती. मी पाय घट्ट दाबून बसलो. आणि शिट्टी आली नाही. अभिजीतने खरंच एक नंबर साफ केलं होतं; तिने नुसता श्वास घेतला आणि तिसऱ्याची पहिली ओळ म्हटली, आणि जागा ठेवून थांबली.

त्या जागेत, मास्क आणि पदराच्या आतून, पण खणखणीत, संध्याच्याच लयीत, शेवटचं अक्षर तिच्यासारखंच लांबवून, गोजरबाई म्हणाली : "अहो, कुकर झाला. गॅस बंद करा तेवढा."

ती हात जोडून, डोळे मिटून बसली होती. तिच्या लेखी हीच पुढची ओळ होती. पालीतलं तिला जेवढं कळत होतं त्यापेक्षा यातलं जास्त कळत होतं, आणि म्हणून कदाचित ही ओळ तिला जास्त पटलेलीही असेल. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. आणि मग माझ्या लक्षात आलं, की सगळेच थांबलेत. दौलतराव, अभिजीत, भिंतीशी बसलेल्या सगळ्या बाया. स्पीकर तिसरं शरण पुढे म्हणत चालला होता आणि त्याच्यामागून कुणी म्हणत नव्हतं. इतके महिने रोज सकाळी ऐकून त्यांनाही पाठ झालं होतं, की या ओळीनंतर आणखी एक जागा येते, आणि ती भरायचं काम आपलं नाही.

"हो," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं असावं. त्यानंतर सगळ्यांनी तिसरं शरण सुरू केलं, पहिल्या ओळीपासून, उघड, मास्कमधून. तेवढ्यात संध्या पुढे गेली होती. ती पंचशीलावर, हे मागे शरणात; ती थांबली की हे बोलायचे, हे थांबले की ती. शेवटपर्यंत जुळलं नाही. साधु म्हणायची वेळ आली तेव्हा ती म्हणून झालेली होती, पंखासुद्धा बंद झाला होता, आणि लोक मात्र अजून म्हणतच होते.

बाहेर पडताना दौलतराव ओट्यावर थांबले. त्यांनी नव्या कुलपाची चावी माझ्या हातावर ठेवली. "तुमच्याकडेच असू द्या," म्हणाले. अभिजीत वायर गुंडाळत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, ओरिजिनल डिलीट नाही मारलेला. पुढच्या टायमाला तोच लावू." गोजरबाई पायरी उतरायला कुणाचा पदर सापडेना म्हणून कठड्याला धरून उभी होती. मी हात पुढे केला. तिने नियमाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि मग घट्ट धरला. "म्या चुकले व्हय रं, धर्मा?" तिने विचारलं. "मधीच सगळी गप का झाली?" मी म्हटलं, "नाही. तुमचं बरोबर होतं. स्पीकर चुकला." "त्या मशिनीचं मेलं असंच असतंय," ती म्हणाली. "संध्या असती तर चुकली नसती." तिच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं. माझ्याही. औषध फारच जास्त झालं होतं. दोन दिवस विहारात कुणाला उभं राहवलं नाही.

नोव्हेंबर गेला, मग थंडी, मग रविवार येत राहिले. एप्रिलमध्ये विहार पुन्हा बंद झालं. नोटीस साधारण तीच होती. कुलूप मी लावलं.